कवडीमोलाचा परिग्रह

31 ऑक्टोबर 1987 रोजी नागपुरात चेतन शर्मानं न्यूझीलंडच्या तीन फलंदाजांच्या दांड्या लागोपाठ उडवल्या. विश्वचषकातली ती पहिली हॅटट्रिक. त्याच सामन्यात सुनील गावसकरनं एकदिवसीय क्रिकेटमधलं आपलं एकमेव शतक ठोकलं. तिथून दीडशे किलोमीटरवर, यवतमाळात, त्या काळी शाळेत जाणाऱ्या पोट्ट्यांच्या खिशात बिग फन बबलगमसोबत मिळणारी क्रिकेटपटूंची चित्रं असायची. चित्रावर धावा छापलेल्या. ठरावीक धावा जमल्या की बक्षीस. मग नव्वदीत ट्रम्प कार्डं आली. क्रिकेटची आली, त्याहून जोरात डब्ल्यूडब्ल्यूएफच्या पहिलवानांची आली. उंची, वजन, छाती, दंड. आपला आकडा सरस ठरला की समोरच्याचं कार्ड आपलं.

ती पोट्टी आता पंचेचाळिशीच्या आसपास आहेत. कोणी पुण्यात आहे, कोणी हैदराबादेत, कोणी दारव्ह्याला दुकानात. कार्डं मात्र बऱ्याच घरांत माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत पडून आहेत, आणि दर दिवाळीच्या साफसफाईत तोच प्रश्न निघतो: याचं काय करायचं? विकायला जावं तर गिऱ्हाईक नाही. रद्दीवालाही नाक मुरडतो, कारण चकचकीत प्लॅस्टिकचा थर चढवलेला कागद लगद्याला कामाचा नाही. दोन-तीनशे कार्डं, त्यांतली निम्मी दुबार, बऱ्याच संचांतली दोन-चार हरवलेली. टाकवत नाहीत, ठेववत नाहीत.

वरवर हा आवराआवरीचा प्रश्न आहे. पण ज्या वस्तूला बाजारात किंमतच नाही ती जवळ बाळगणं परिग्रहात मोडतं का, आणि ती सोडली तर त्याला त्याग म्हणायचं का, असं विचारलं की तो धर्मशास्त्राच्या दारात जातो.

जैन परंपरेनं या प्रश्नाच्या पहिल्या अर्ध्या भागाचं उत्तर फार पूर्वी देऊन ठेवलं आहे. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची व्याख्या वस्तूवरून केलेली नाही, वस्तूपायी आलेल्या मूर्च्छेवरून केली आहे. म्हणजे सोन्याची लगड असो की बबलगमचं चित्र, मन त्यात अडकलं की परिग्रह झाला. व्यापारी समाजाला हे नुसतं तत्त्व म्हणून पुरणार नव्हतं, म्हणून गृहस्थांसाठी परिग्रह-परिमाणाचं अणुव्रत आलं: सगळं सोडू नका, पण किती ठेवायचं याची हद्द आधी ठरवा. ही हद्द कशाकशाला लावायची त्या यादीत शेतजमीन, घर, सोनं, चांदी, धान्य आहेच. पण शेवटी भांडीकुंडी, कापडचोपड असा किरकोळ मालही मोजला आहे. स्वस्त वस्तूंना सूट नाही.

शेजारच्या वर्धा जिल्ह्यात सेवाग्राम वसवणाऱ्या गांधीजींनी तर असंग्रहाची सांगड थेट अस्तेयाशी घातली. गरज नसलेली वस्तू जवळ ठेवणं हीसुद्धा चोरीच, असं त्यांनी 1930 साली येरवड्याच्या तुरुंगातून आश्रमवासीयांना लिहिलेल्या पत्रांत मांडलं. पहिलवानांची कार्डं ठेवून नेमकी कोणाची चोरी होते हे सांगणं कठीण आहे. फार तर आईच्या लोणच्याच्या बरण्यांची जागा गेली.

यवतमाळहून आर्णीमार्गे माहूरला दत्तदर्शनाला जाणाऱ्यांना अवधूताचे चोवीस गुरू ऐकून माहीत असतात. भागवताच्या अकराव्या स्कंधातली ती कथा एकनाथांनी 1573 साली काशीत पूर्ण केलेल्या भागवत टीकेतून मराठी घराघरांत पोचली. त्या चोविसांत कुरर नावाचा पक्षी आहे. त्याच्या चोचीत मांसाचा तुकडा असतो म्हणून बळकट पक्षी त्याच्यावर तुटून पडतात. तुकडा टाकून देताच तो सुखी होतो. दृष्टान्त सुंदर आहे, पण माळ्यावरच्या पेटीला तो पुरता लागू पडत नाही. कुररामागे इतर पक्षी होते. या पेटीच्या मागे कोणीच नाही. लोभी माणसाला निदान चोराची भीती असते. कवडीमोल संग्रह करणाऱ्याला तीही नसते, त्यामुळे सोडायला बाहेरून कसलाच धक्का मिळत नाही. स्वस्त वस्तूंचा परिग्रह महागाच्या परिग्रहापेक्षा चिवट असतो तो बहुधा यामुळेच.

दुसरा चिवट धागा म्हणजे आशा. उद्या याला भाव येईल! अमेरिकेत या आशेचा मोठा प्रयोग होऊन गेला. टॉप्स कंपनीची 1952 ची बेसबॉल कार्डं विकली गेली नाहीत, तेव्हा 1960 साली ती बार्जवर लादून अटलांटिक महासागरात बुडवली, असं त्या कार्डांचे जनक साय बर्जर सांगत. त्याच मालिकेतलं मिकी मँटलचं एक कार्ड 2022 साली एक कोटी सव्वीस लाख डॉलरना गेलं. पण त्याच्या कितीतरी आधी, जुन्या कार्डांना भाव येऊ लागला हे पाहून 1980 च्या दशकाच्या अखेरीस लोकांनी कार्डं जपायला सुरुवात केली, कंपन्यांनी बेसुमार छापली, खोकी न उघडता कपाटात गेली. सगळ्यांनीच जपल्यामुळे ती दुर्मीळ झालीच नाहीत. आज त्या काळातली बहुतेक कार्डं मूळ किमतीलाही कोणी घेत नाही. मँटलच्या कार्डाला जी किंमत आली ती इतरांनी टाकून दिल्यामुळे आली. ठेवणाऱ्याची श्रीमंती टाकणाऱ्याच्या जिवावर उभी असते, हा हिशोब अध्यात्माच्या पुस्तकांत क्वचितच दिसतो.

आता समजा आशा सुटली आणि पेटी काढायचं ठरलं. फ्लॅट लहान आहे, बदली झाली आहे, बायको वैतागली आहे. गीतेचा अठरावा अध्याय इथे आडवा येतो. त्रास नको म्हणून, अंगाला कष्ट नकोत म्हणून केलेला त्याग राजस, आणि त्याचं फळ मिळत नाही. दिवाळीतल्या साफसफाईपैकी नव्वद टक्के त्याग याच खात्यात जमा होतो. तो वाईट नाही, घर मोकळं होतं. फक्त त्यावर पुण्याचा शिक्का मारता येत नाही.

खरी गफलत पुढच्या पायरीवर होते. पेटी उचलून एखाद्या आश्रमशाळेला, नाहीतर वाचनालयाला 'दान' केली जाते. कठोपनिषदाची सुरुवातच या प्रकारानं होते. वाजश्रवस सर्वस्व दान करायचा यज्ञ मांडतो आणि ब्राह्मणांना गायी देतो. पण त्या भाकड, म्हाताऱ्या, गवत-पाणी सुटलेल्या. लहानग्या नचिकेत्याला ते खुपतं. असं दान देणारा आनंद नसलेल्या लोकांत जातो, असं त्याच्या मनात येतं आणि तो बापाला विचारतो, मला कोणाला देणार? यमाच्या दारापर्यंतचा सगळा प्रवास या प्रश्नातून सुरू होतो. बापानं सोडलं होतं, यात शंका नाही. फक्त ओझं आपल्या गोठ्यातून दुसऱ्याच्या गोठ्यात गेलं होतं. चार कार्डं कमी असलेला ट्रम्पचा संच शाळेच्या कपाटात नेऊन ठेवणं याहून फार वेगळं नाही. त्यापेक्षा ती कार्डं आपल्या हातानं कचऱ्यात टाकणं जास्त प्रामाणिक. निदान त्यात घेणाऱ्याची फसवणूक नाही.

भाकड गायी न देता संग्रह देता येतो का? जेफरसन बर्डिकचं आयुष्य हे त्याचं उत्तर म्हणून पुढे ठेवता येईल. न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूज गावी विजेच्या सामानाच्या कारखान्यात काम करणारा हा अविवाहित माणूस. संधिवातानं सांधे आखडलेले. सिगारेटच्या पाकिटातली, च्युइंगमबरोबरची, जाहिरातींची कार्डं, म्हणजे त्या काळी कवडीमोल असलेला कागद तो जमवत राहिला. तीन लाखांहून अधिक नग झाले, त्यांत तीस हजारांवर बेसबॉलची कार्डं. 1947 पासून त्यानं हा संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला द्यायला सुरुवात केली. पण खोकी दारात ठेवून तो मोकळा झाला नाही. प्रत्येक कार्डाचं वर्गीकरण त्यानं केलं, त्याला क्रमांक दिला, ते वहीत चिकटवलं. पुढे तर या कामासाठी तो न्यूयॉर्कलाच राहायला गेला. 10 जानेवारी 1963 रोजी काम संपलं असं सांगून तो उठला, दुसऱ्या दिवशी रुग्णालयात दाखल झाला आणि दोन महिन्यांनी वारला. आजही अभ्यासक जुनी कार्डं ओळखतात ती त्यानं दिलेल्या क्रमांकांनी.

पुण्याच्या दिनकर केळकरांनीही अडकित्ते, दिवे, फण्या अशा घरगुती वस्तू आयुष्यभर गोळा केल्या आणि 1975 साली सगळा संग्रह राज्य सरकारच्या हवाली केला; राजा केळकर संग्रहालय या नावात मुलाचं नाव तेवढं मागे ठेवलं. दोघांनीही देण्याआधी वस्तूला देण्याजोगं केलं होतं.

यवतमाळच्या पेटीला संग्रहालय मिळणार नाही, आणि मिळायला नको. तिच्यासाठी जैन श्रावकाची हद्दच कामाची: एक पुठ्ठ्याचा डबा, त्यात मावेल तेवढंच. ज्याचा एखादा संच चार कार्डांवाचून अडला असेल तो जुना भिडू शोधून दुबार कार्डं त्याला द्यावीत. पुरे असलेले संच गल्लीतल्या पोरांना खेळायला द्यावेत, आणि खेळताना कार्डं हरली जातील, फाटतील, हरवतील याची तयारी ठेवावी, कारण हरणाऱ्यानं कार्ड देऊन टाकायचं हा या खेळाचा मूळचाच नियम आहे. उरलेली सुक्या कचऱ्यात, घंटागाडी आली की.