माया आणि नोंदवही

वृद्धाश्रम हा शब्द आपल्या घरांत अजूनही हलक्या आवाजात उच्चारला जातो. अमक्याने वडिलांना तेथे ठेवले असे कळले, की ऐकणाऱ्याच्या मनात आधी निवाडा उभा राहतो. विचारपूस मागून येते. आणि या आश्रमांची नोंदणी व्हावी, त्यांना नियम असावेत, त्यांची तपासणी व्हावी असे कोणी सुचविले, तर चांगली वाचलेली माणसेही एकच उत्तर देतात : कायद्याने माया उत्पन्न होत नाही. उत्तर खरे आहे. परंतु त्यावरून कायद्याने या दारातून आत येऊ नये असा जो निष्कर्ष काढला जातो, तो मला पटत नाही. का पटत नाही, हे सांगण्यासाठी मला नार्व्याच्या देवळापासून आरंभ करावा लागेल.

श्रीसप्तकोटेश्वर हे कदंब राजांचे कुलदैवत. दिवाडी बेटावरचे त्याचे देऊळ सोळाव्या शतकात पोर्तुगीज सत्तेने पाडले आणि देव नदी ओलांडून डिचोलीच्या बाजूस नार्व्याला आला. १६६८ साली शिवाजी महाराजांनी त्याच्या देवळाचा जीर्णोद्धार करविला. अलीकडे गोवा शासनाने केलेले डागडुजीचे काम पुरे होऊन २०२३ साली ते पुन्हा भाविकांसाठी खुले झाले. आपल्या जागेवरून उठवल्या गेलेल्या देवाला असा आसरा मिळाला, ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. पण देव भावाचा भुकेला असे म्हणणारे आपणच, देवाची पूजा, नैवेद्य आणि दिवाबत्ती निव्वळ भावावर सोपवून मोकळे झालेलो नाही. गोव्यातील देवस्थानांचा कारभार १९३३ सालच्या नियमावलीने बांधलेला आहे. महाजनांची नोंद, समितीची निवड, अंदाजपत्रक, जमाखर्च हे सारे तीत येते, आणि तालुक्याचा मामलेदार प्रशासक या नात्याने त्यावर लक्ष ठेवतो. यामुळे भक्ती आटली असे मी कोणाच्या तोंडून ऐकलेले नाही. भांडणे मात्र पुष्कळ ऐकली आहेत. पण हिशेब मागता येतो म्हणूनच भांडता येते.

माणसांच्या बाबतीत आपण इतके सावध का नसतो? २००७ साली संसदेने आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा आणि कल्याणाचा कायदा केला. स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या आईबापांना मुलांकडून तो मागण्याचा हक्क त्याने दिला. मागणी न्यायाधिकरणापुढे करावयाची आणि मूळ कायद्याप्रमाणे महिन्याला १०,००० रुपयांपर्यंत मिळावयाची. सांभाळण्याची जबाबदारी असलेल्याने वृद्धाला कोठे तरी सोडून दिले, तर तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. निपुत्रिकाची जबाबदारी ज्या नातेवाइकाकडे त्याची मालमत्ता आहे किंवा वारशाने जाणार आहे, त्याच्यावर टाकली आहे. हा तर नात्याचा बाजार झाला, असे यावर म्हणणारे भेटतात. त्यांतले जे गोमंतकीय आहेत त्यांना मी एवढेच विचारतो, की आपल्याकडील वारसा कोणत्या मायेवर चालतो? मुले असली म्हणजे आपल्या इस्टेटीच्या अर्ध्या भागाविषयीच येथे मृत्युपत्र करता येते. उरलेला अर्धा कायद्याने मुलांचाच. तो काढून घ्यावयाचा तर कायद्याने ठरविलेली कारणे लागतात, आणि आईबापांना निर्वाह नाकारणे हे त्यांपैकी एक. घेताना सक्ती चालते. सक्तीने नाते नासते ही शंका देण्याची वेळ आली की मगच सुचते.

आता आश्रमांकडे वळू. निराधार वृद्धांसाठी प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, किमान १५० जणांचे निवासस्थान राज्य सरकारने उभारण्याची तरतूद त्याच कायद्याच्या एकोणिसाव्या कलमात आहे. पण कलमाचे क्रियापद ‘उभारू शकेल’ असे आहे, ‘उभारील’ असे नाही. मुलाला ‘द्यावेच लागेल’ असे सांगणारा कायदा सरकारशी बोलताना एवढा मृदू होतो. केंद्राने राज्यांना पाठविलेल्या नमुना नियमांत मात्र मापे दिली आहेत : निजण्याच्या खोलीत माणशी साडेसात चौरस मीटर, स्वयंपाकघर, भोजनगृह, आजाऱ्यांची खोली वगैरे धरून माणशी बारा. ही मापेही निराधारांच्या सरकारी निवासांसाठी. खाजगी आश्रमाने नोंदणी केलीच पाहिजे असे तो केंद्रीय कायदा म्हणत नाही. संस्था नोंदवावी लागते, इमारतीला परवानगी लागते, स्वयंपाकघराला अन्नपरवाना लागतो. पण आत निजलेल्या म्हातारीला रात्री कोण उठवून बसवते, हे यांतला एकही कागद विचारीत नाही. २०१९ साली लोकसभेत आलेल्या दुरुस्ती-विधेयकात अशा निवासांची नोंदणी आणि किमान मानके होती. ते त्या लोकसभेच्या मुदतीत मंजूर झाले नाही.

माझ्या ओळखीची एक वृद्धा अशाच एका आश्रमात होती. मुलगा परदेशी, पैसे वेळेवर पाठवी, आणि त्याच्या मायेविषयी मला आजही शंका नाही. मी भेटीस जाई तेव्हा व्यवस्थापक शेजारी बसून असत. प्रकृती विचारली की ती त्यांच्याकडे पाहून म्हणे, “म्हजें बरें आसा.” तिचे बँकेचे पुस्तक त्यांच्या कपाटात होते, हे मला ती गेल्यावर कळले. पैशाला हात लागला होता की नाही, हे मी सांगू शकत नाही. सांगता येत नाही, हेच तर दुखणे. नोंद नव्हती आणि बाहेरच्या कोणाला ती मागण्याचा अधिकारही नव्हता. तेथे माया होती असे धरले, तरी ती सिद्ध करण्याचे साधन त्या व्यवस्थापकांपाशीही नव्हते.

आमच्या बाजूचे एक कार्यकर्ते या विषयावर माझ्याशी नेहमी वाद घालतात, आणि त्यांचा एक मुद्दा मला आजवर खोडता आलेला नाही. ते म्हणतात, दोन विधवा बहिणी आपल्या जुन्या घरात सात-आठ म्हाताऱ्यांना सांभाळतात. त्यांना बारा चौरस मीटरचे माप लावाल तर उद्या ते घर बंद पडेल, आणि माप पाळणारा शहरातला श्रीमंत आश्रम त्या सात-आठ जणींना दारातही उभे करणार नाही. हे अगदी खरे आहे. मापाची सक्ती लहान घरांना सैल असावी, हे मी मान्य करतो. परंतु आत कोण राहते, कोणाचे पैसे कोणाच्या हाती आहेत, डॉक्टर केव्हा येऊन गेला आणि कोण केव्हा वारले, एवढे लिहिणारी वही त्या दोन बहिणींनीही ठेवावी, आणि महिन्यातून एकदा बाहेरच्या माणसाने येऊन, बहिणींना स्वयंपाकघरात बसवून, प्रत्येक म्हातारीशी एकटीशी बोलावे. मी असे म्हटले की ते विचारतात, हा बाहेरचा माणूस आणावयाचा कोठून? देवळाचा जमाखर्च तपासावयास मामलेदार मिळतो, हे मी त्यांना दर वेळी सांगतो. त्यांचा त्यावर अद्याप विश्वास बसलेला नाही.