स्लेजची दोरी

आपल्या किनारपट्टीवर बर्फ ठाऊक असतो तो मासळीबाजारातला. त्यामुळे मुलांनी बर्फाचा डोंगर पाहण्याचा हट्ट धरला तेव्हा आम्हांलाही मनातून तो हवाच होता. २०२३ च्या फेब्रुवारीत आम्ही पती-पत्नी, दोन मुले आणि आई असे पाचजण गुलमर्गला गेलो. तंगमर्गला भाड्याचे लांब कोट आणि गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट चढवले आणि चाकांना साखळ्या बांधलेल्या गाडीने उरलेला १३ किलोमीटरचा घाट चढलो.

समुद्रसपाटीपासून २६५० मीटर उंचीवरचे हे पठार मोठ्या बशीसारखे आहे. १९२७ साली इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांनी येथे स्की क्लब काढला तेव्हा हा मूठभर साहेबांचा खेळ होता. आज गोंडोला दोन टप्प्यांत अफरवत पर्वताच्या खांद्यापर्यंत, सुमारे ३९५० मीटरवर नेते, आणि पट्टीचे स्कीपटू तेथून खाली झेपावतात. कुटुंबकबिल्याचे गुलमर्ग मात्र खालीच, बशीच्या काठावरच्या सौम्य उतारांवर असते. तेथे आमच्या मुलांना एका तरुण शिक्षकाने दोन्ही स्कींची टोके जवळ आणून व मागचे भाग फाकवून वेग कसा मोडायचा ते शिकवले. धाकटा चौदा वेळा पडला. प्रत्येक वेळी त्या तरुणाने त्याला उचलले, आणि प्रत्येक वेळी दोघेही हसले.

याच उतारांच्या पायथ्याशी स्लेजवाले उभे असतात. स्लेज म्हणजे लाकडी पट्ट्यांची बुटकी घसरगाडी. पर्यटकाने तीवर बसायचे आणि दुसऱ्या माणसाने दोरी धरून ती चढावर ओढायची. फेरन घातलेला, पन्नाशी उलटलेला एक स्लेजवाला आमच्या मागे लागला. आम्ही ठामपणे नाही म्हटले. माणसाने माणसाला ओढावे हे आमच्या सद्सद्विवेकबुद्धीला पटत नव्हते, आणि ते मुलांच्या देखत सांगताना आम्हांला थोडे बरेही वाटले. हे कबूल केलेले बरे. तो गृहस्थ काही न बोलता बाजूला झाला.

तेव्हा थोरलीने विचारले, ‘‘पप्पा, स्की शिकवणाऱ्या दादालाही आपण दमवलेच ना? मग याला का नाही?’’

आम्ही शिक्षण आणि ओझे यांतला फरक समजावू लागलो. तो तिला पटला असे वाटले नाही.

आमच्या तत्त्वाची खरी परीक्षा आईने घेतली. पठारावरच्या टेकाडावर इंग्रजांच्या अमदानीत, १९०२ साली बांधलेले सेंट मेरीज चर्च आहे. ते अँग्लिकन परंपरेतले असले तरी आईला त्याचे काही नव्हते. एवढ्या दूर येऊन मरियेच्या नावाच्या चर्चला पाय लावल्याशिवाय ती परतणार नव्हती. तिचे गुडघे मात्र ढोपरभर बर्फातून चालण्याजोगे राहिलेले नाहीत. शेवटी आम्हीच त्या स्लेजवाल्याला शोधत गेलो, आणि जाताच काय केले? घासाघीस केली. माणसाच्या प्रतिष्ठेवर प्रवचन दिल्याला अर्धा तासही झाला नव्हता, आणि आम्ही त्याच्या श्रमातून शंभर रुपये कापू पाहत होतो. स्लेजवर बसण्यापेक्षा हे अधिक लाजिरवाणे होते. ते कळायला मात्र आम्हांला रात्र उजाडावी लागली.

तो ओढत निघाला. आम्ही बाजूने चालत होतो. त्याच्या श्वासाची वाफ दिसत होती आणि आई त्याला मुलेबाळे विचारत होती. तिची हिंदी मोडकी आणि त्याचीही फार वेगळी नव्हती. पण त्याला तीन मुली आहेत आणि उन्हाळ्यात तो घोडा घेऊन उभा असतो, हे चर्चच्या पायरीशी पोहोचेपर्यंत तिला कळले होते. तत्त्वनिष्ठेच्या भरात आम्ही त्याचे नावही विचारले नव्हते.

उतरताना मात्र निराळेच घडले. तो स्लेजवर पुढे बसला. आईला त्याने मागे बसवून त्याचे खांदे घट्ट धरायला सांगितले आणि टाचांनी दिशा व वेग सांभाळत दोघे भरधाव खाली गेले. चढताना जो आमच्या लेखी ओझ्याचा बैल होता, तो उतरताना नावेचा तांडेल झाला.

दुसऱ्या दिवशी मुलांसाठी आम्ही त्यालाच बोलावले, ठरलेला दर न कुरकुरता मान्य केला आणि चढावर सगळे पायी चालू लागलो. आम्हांला हा उत्तम तोडगा वाटला. पण रिकामी स्लेज ओढताना तो संकोचला. इतर स्लेजवाले त्याला काश्मिरीत काहीतरी म्हणून हसत होते. ‘‘साहब, बच्चों को तो बिठाइए,’’ तो अजिजीने म्हणाला. आमचे मन स्वच्छ राहावे म्हणून त्याने चारचौघांत हसे का करून घ्यावे, याचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. मुले बसली.

पोप जॉन पॉल दुसरे स्वतः स्कीपटू होते. १९८४ च्या जुलैत ते इटलीतल्या अदामेल्लोच्या हिमनदीवर स्की करायला गेले होते. त्यांनीच १९८१ साली मानवी श्रमावर परिपत्रक लिहिले. श्रमाचे मोल मुळात कामाच्या प्रकारावरून नव्हे, तर ते करणारी व्यक्ती आहे यावरून ठरते, हा त्यातला विचार आम्ही अभ्यासवर्गात अनेकदा मांडला आहे. गुलमर्गला मात्र आम्ही नेमके कामाच्या प्रकाराकडेच पाहत राहिलो.

पण तेवढ्याने प्रश्न मिटत नाही. काही कामांत व्यक्तीच झिजते, आणि ‘त्याचे पोट चालते’ हे वाक्य आजवर पुष्कळ अन्यायांचे पांघरूण झाले आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपल्या माथेरानमधील हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला, तो आम्हांला योग्यच वाटतो. त्यातही महत्त्वाचे हे की, ई-रिक्षा देऊन त्या रिक्षावाल्यांचेच पुनर्वसन करावे, असे न्यायालयाने सांगितले. दोरी सोडवायची तर हातांत दुसरे काही द्यावे लागते. नुसते ‘आम्ही बसणार नाही’ म्हणणाऱ्याने यांतले काहीच दिलेले नसते.

जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गला बर्फ जवळजवळ पडलाच नाही. वर्तमानपत्रात तपकिरी उतारांची छायाचित्रे आली तेव्हा आईने चष्मा लावून ती बराच वेळ पाहिली. ‘‘त्या तीन मुलींचा बाप या महिन्यात काय करीत असेल रे?’’ तिने विचारले. त्याच्याकडे दूरध्वनी होता, पण क्रमांक आम्ही घेतला नव्हता.

आईचे त्याच्याबरोबरचे छायाचित्र आमच्या दिवाणखान्यात आहे. त्यात तो पुढे, दोरी मुठीत गुंडाळलेली, आणि मागे त्याच्या फेरनला गच्च धरून, तोंड उघडे टाकून हसणारी आई.