नोंदीतले पूर्वज

तालुक्याच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुक, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूंची जुनी नोंदवही, चाळणारा माणूस पूर्वजांना शोधत असतो. पण ती वही वंशजांसाठी लिहिलेली नव्हती. जन्ममृत्यूंची गणती सरकारला हवी होती, जमिनीची दप्तरे साऱ्यासाठी होती, आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांनी वह्यांत यजमानांची कुळे उतरवली ती उपाध्येपणाचा हक्क टिकावा म्हणून. परक्या प्रयोजनाने लिहिलेल्या मोडी ओळींत वंशज स्वतःची ओळख वाचू पाहतो.

2023 साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदींचा शोध हाती घेतला, तेव्हा या वाचनाला व्यावहारिक वजन आले. कारकुनाच्या एका शब्दावर पणतवंडाचे शिक्षण अवलंबून राहू लागले. ज्याच्या गावची वही वाळवीने खाल्ली, त्याचे पूर्वज कमी खरे होते काय? पुराव्याविना हक्क देणे न्यायाला परवडत नाही. परंतु नोंदीचा अभाव म्हणजे अस्तित्वाचा अभाव नव्हे, हेही न्यायानेच ओळखायचे असते.

भूमिहीनांना जमिनीच्या दप्तरात खाते नव्हते. वंशावळींतून आई तर बहुधा वगळलीच जाते. 1 मे 2024 पासून जन्मलेल्यांच्या शासकीय कागदपत्रांत आईचे नाव अनिवार्य करण्याचा निर्णय महाराष्ट्रात 2024 साली झाला.

तिथी ठाऊक नसलेल्या पितरांसाठी परंपरेने सर्वपित्री अमावास्या राखून ठेवली आहे. तेवढे औदार्य अभिलेख वाचणाऱ्यानेही बाळगावे: ज्यांचे नाव सापडले नाही, त्यांचेही ऋण मानावे.