केळं राहू दे, मले उठवून बसव

शास्त्रपाठ : योहान १३:१-१७



मागच्या नाताळात आमच्या तरुण संघाने अकोल्यात एका दवाखान्यात फळवाटप केलं. मी एका आजीच्या हातात केळी ठेवली आणि मित्राच्या मोबाईलकडे बघून हसलो. आजी म्हणाली, “केळं राहू दे बापू, मले जरा उठवून बसव नं.” चादरीला वास येत होता. “थांबा, सिस्टरला सांगतो,” म्हणून मी पुढच्या खाटेकडे सरकलो. संध्याकाळी स्टोरी टाकली, लाईक्सही भरपूर आले. आजी मात्र अजून मनातून जात नाही.

तुम्ही म्हणाल, फोटो काढला तर बिघडलं काय? केळी तर मिळालीच नं? हो, मिळाली. फळवाटप वाईट नाहीच. पण केळी देताना मी उभाच होतो. आजीला उठवायला मला वाकावं लागलं असतं.

त्या रात्री पाय धुवायला एकही शिष्य उठला नाही. ते चाकराचं काम! उठला तो प्रभु. कंबरेला रुमाल, हातात गंगाळ. पण त्याआधी योहान काय सांगतो बघा : आपण देवापासून आलो आणि देवाकडे जाणार, हे येशूला ठाऊक होतं. आणि मग तो उठला! म्हणजे नम्रता म्हणजे स्वतःला कमी लेखणं नव्हे. आपण कोणाचे आहोत हे ज्याला पक्कं ठाऊक आहे, त्याला कुणाला काही दाखवायचं उरत नाही. मला फोटो लागला, कारण मला ते पक्कं ठाऊक नव्हतं.

आपल्या अमरावती जिल्ह्यात परतवाड्याजवळ कोठारा इथे लेप्रसी मिशनचा दवाखाना आहे. कुष्ठरोग औषधाने बरा होतो, पण बधिर झालेल्या पायांत बहुतेकदा संवेदना परत येत नाही. काटा रुतला तरी कळत नाही, जखम चिघळते. म्हणून असे पाय रोज पाण्यात भिजवायचे, कडक कातडी घासायची, तेल लावायचं, नवी जखम नाही नं ते बघायचं. उद्या पुन्हा तेच. हे पाय धुणं सणापुरतं नसतं.

अमरावतीतच डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ साली कुष्ठरोग्यांसाठी तपोवन उभं केलं. ते आपल्या मंडळीतले नव्हते, तरी वाकले. मग ज्यांच्या गुरूनेच गंगाळ हाती घेतलं, ते आपण ताठ कसे?

आणि हो, त्या बारा जणांत यहूदाही होता. प्रभूला सगळं माहीत होतं, तरी त्याचेही पाय धुतले. तेव्हा ‘समोरचा लायक आहे का?’ हा प्रश्न आपला नाहीच.

या आठवड्यात कुणालाही न सांगता एक काम करूया. घरातल्या आजोबांची नखं कापूया, भक्ती संपल्यावर सतरंज्या उचलूया. कुणी “जरा उठव नं” म्हटलं, तर सिस्टरला शोधण्याआधी स्वतः वाकूया.

प्रार्थना : प्रभु येशू, तू माझ्या पायांशी वाकलास. मी तुझा आहे, एवढं मला पुरे होऊ दे. आज ज्याला माझ्या हातांची गरज आहे, त्याच्यापुढे मला वाकव. आमेन.