कूलरमधलं यंत्र

अकोल्याचे एक काकाजी टेलिफोन खात्यातले निवृत्त लाइनमन. पुतण्या अमरावतीला इंजिनिअरिंग शिकतो. विहिरीवरचा मोटरपंप मोबाइलवरून चालू-बंद करणारं यंत्र त्यानं बनवलं, कॉलेजात बक्षीसही पटकावलं. मे महिन्यात वावरात बसवलं आणि भर दुपारी ते बंद पडलं. डब्याला हात लावता येईना.

"इथली लाइटच खराब हाय, काकाजी," पोरगा करवादला.

"लाइटले कायले बोलतं, बाबू? तू त्याले कूलरमंधी वाढवलं अन् उन्हात नेऊन टाकलं."

मग काकाजींनी सॅम पित्रोदांची गोष्ट काढली. ओडिशातल्या टिटलागढचा, गुजराती सुतार घराण्यातला हा मुलगा 1964 साली शिकायला शिकागोला गेला. तिथं टेलिफोन स्विचिंगची कंपनी काढली, 1980 साली ती रॉकवेलनं घेतली, हाती भरपूर पैसा आला. पुढच्या वर्षी दिल्लीच्या हॉटेलातून शिकागोला बायकोला फोन लावू गेले, तर लागेना. आपल्याकडे तेव्हा फोन असणं ही मिरवायची गोष्ट, आणि तो लागणं नशिबाची.

हे बदलायचं त्यांनी मनावर घेतलं, आणि त्यांच्या पुढाकारानं 1984 साली सी-डॉट ही टेलिफोन तंत्रज्ञानाची सरकारी संशोधन संस्था उभी राहिली. त्या काळची परदेशी डिजिटल एक्स्चेंजं एसीच्या खोलीत ठेवावी लागत. आपल्या खेड्यात एसी तर सोडाच, लाइटचाही भरवसा नाही. म्हणून सी-डॉटच्या तरुण इंजिनिअरांनी 128 लाइनींचं छोटं एक्स्चेंज धूळ आणि ऊन गृहीत धरूनच आखलं, एसीविना चालणारं. जुलै 1986 मध्ये कर्नाटकातल्या कित्तूरला पहिलं लागलं.

मला विचाराल तर पित्रोदांची खरी हुशारी यंत्रापेक्षा हिशेबात होती. घरोघरी फोन द्यायची देशाची ऐपत नव्हती, म्हणून चौकाचौकात एक फोन द्या, असा त्यांनी आग्रह धरला. त्यातून पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ आले. तांबड्या आकड्यांचं मीटर पळताना पाहत लोक बोलणं आवरतं घ्यायचे. अनेक बूथ अपंगांना चालवायला मिळाले, त्यांच्या घरी चूल पेटली.

पोरगा ऐकत होता. शेवटी त्यानं विचारलं, "एवढं केलं तं पगार किती भेटे त्यायले?"

"सालाचा एक रुपया."