बिऱ्हाडकरूंचा वाडा

पुण्यात हल्ली एखाद्या नव्या टॉवरचं नाव ‘अमुक वाडा’ असेल, तर खुशाल समजावं की प्रवेशद्वाराला लाकडी महिरप चिकटवलेली आहे, लॉबीत पितळी समई आहे आणि माहितीपत्रकात ‘वाडासंस्कृतीचा वारसा’ हे शब्द हमखास आहेत. थाळीवाल्या हॉटेलांनी हा उद्योग आधी केला, आता बिल्डरांची पाळी. विकला जातो तो सरदारी थाट. लोकांना ओढ असते ती मात्र भलत्याच वाड्याची.

शनिवारवाड्याच्या सनावळ्या वाचकांना पाठ असतात. १७३० साली पायाभरणी, १७३२ साली वास्तुशांत, १८२८ची आग. मग नाना फडणविसांचा वाडा, दुसऱ्या बाजीरावाचा विश्रामबागवाडा. घडीव दगडाचं जोतं, वर विटा, आत सागवानी खांब-तुळयांचा सांगाडा, चौकाभोवती ओसरी, मागे माजघर, परसात आड. यात फार रेंगाळायचं कारण नाही. ध्यानात ठेवायचं ते एवढंच, की ही रचना माणसांना एकत्र आणायला केलेली नव्हती. कोणी कुठवर यायचं हे ती ठरवत होती. देवडीवर पहारेकरी, दिवाणखान्यात पुरुष, माजघरात बायका. पहिल्या चौकात हिशेबाला आलेल्या कुळाला दुसरा चौक दिसायचं काही कारण नव्हतं.

हा वाडा संपला कधी? कोणी १९६१चा पानशेतचा पूर सांगतं, कोणी फ्लॅट आल्याचं. दोन्ही उत्तरं निदान शंभर वर्षांनी चुकतात. १८१८ला पेशवाई गेली, सरदार-दरकदारांची मिळकत आटली आणि एवढाली घरं सांभाळायला पैसा उरला नाही. १८५८ साली पुण्याला रेल्वे आली. कचेऱ्या, शाळा, कॉलेजं वाढली, तशी कारकुनांची आणि विद्यार्थ्यांची रीघ लागली. त्यांना खोल्या हव्या होत्या, मालकांना रोकड. काही वाडे नव्या कामांना लागले: विश्रामबागेत १८२१ साली संस्कृत पाठशाळा, भिड्यांच्या वाड्यात १८४८ साली फुल्यांची मुलींची शाळा, आणि १९०५ साली टिळकांनी विकत घेतलेल्या गायकवाडवाड्यात ‘केसरी’.

बाकीच्यांत बिऱ्हाडं आली.

ओसरीला फळ्या ठोकून तिच्या खोल्या झाल्या. दोन खांबांमधला खण हे सुताराचं माप. ते आता भाड्याचं माप झालं, ‘दोन खणांची जागा’ असं. माजघराची दोन स्वयंपाकघरं निघाली, कोनाड्यात स्टोव्ह गेला, जिन्याखाली एखादा विद्यार्थी. चौकात नळ आला आणि त्यापुढे हंडे-कळशांची रांग. पालखी उतरायची त्या फरशीवर पापड वाळू लागले. ‘वाडासंस्कृती’ म्हणून ज्यांचे कढ काढले जातात, त्या वाटीभर साखरेच्या, सामायिक गणपतीच्या, संडासापुढच्या भांडणांच्या आठवणी या वाड्यातल्या आहेत. तो मुंबईच्या चाळीचा सख्खा भाऊ. सरदाराचा वाडा त्याचा फार तर पणजोबा.

अर्थात त्याचेही गोडवे नकोत. खोली देण्याआधी मालक आडनाव विचारी, आणि ते ऐकवून पुष्कळ जण देवडीवरूनच परत गेले.

पुढे १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४०च्या पातळीवर गोठवली. मालकाला डागडुजी परवडेना, भाडेकरूला जागा सोडवेना, आणि छप्पर दोघांच्याही डोक्यावर गळत राहिलं. बिल्डर आला तेव्हा दोघांनी सह्या केल्या. त्यांना नावं ठेवायचं कारण नाही. रोज सकाळी रांगेत उभ्या राहणाऱ्या बाईला स्वतःचा संडास ही चैन वाटत नव्हती.

पेठांमधून असे काही वाडे टेकू लावून अजून उभे आहेत. वारसाप्रेमी तिथे पोचतात, तेव्हा ‘मूळ आराखडा’ काढायच्या नादात फळ्यांचे आडोसे आधी पुसले जातात. ते पुसू नयेत. वाडा पाडण्यापूर्वी नकाशा काढायचाच, तर आडोशांसकट, मोऱ्यांसकट आणि कुठल्या खोलीत कोणाचं बिऱ्हाड होतं त्या नोंदीसकट काढावा. भाडेपावत्यांची जुनी पुस्तकं कोणा मालकाच्या कपाटात असतील, तर ती रद्दीत जाण्याआधी मागून घ्यावीत.