“दुखणार नाही” म्हणावे का?

सुई टोचण्याआधी आई हमखास म्हणते, “काही दुखणार नाही हं, बाळा.” हे मायेचे बोल आहेत, त्यासाठी तिला आठव्या आज्ञेची आठवण करून द्यायला कोणी जाऊ नये. तरीही ते खोटे आहे, आणि कर्करोग झालेल्या मुलाला ते महाग पडते.

ल्युकेमियाचा, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाचा उपचार बहुधा दोन-तीन वर्षे चालतो. पाठीच्या कण्यात सुई घालून औषध देणे पुनःपुन्हा करावे लागते. एकदा फसलेले मूल पुढच्या वेळी सुईला भितेच, पण आईच्या शब्दालाही भिते. मग त्याने हात कोणाचा धरावा?

मुलांना काय कळते, असे आपण म्हणतो. मायरा ब्लूबॉन्ड-लँग्नर या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी अमेरिकेतील ल्युकेमियाग्रस्त मुलांवर १९७८ साली पुस्तक लिहिले. कोणी न सांगताही त्या मुलांना आपला आजार कळला होता. आईवडिलांसमोर ती गप्प राहत. कोण कोणाला सांभाळत होते?

अर्थात चार वर्षांच्या मुलाला आठवडाभर आधी सारे सांगणे हीही क्रूरताच. लहानग्याला थोडाच वेळ आधी सांगावे, मोठ्याला आदल्या दिवशी. “टोचेल, थोडे दुखेल, रडलास तरी चालेल, मी इथेच आहे.” मग साबणाचे फुगे फुंकायला द्यावेत, लांब श्वास सोडताना अंग सैल पडते. कातडी बधिर करणारे मलमही असते, ते तासभर आधी लावावे लागते. त्याविषयी सिस्टरना विचारायला आपण उगीच संकोचतो.